‘कमिशन’ शब्दाचे अर्थ व प्रयोग : कारंजाच्या कापूसबाजाराच्या अनुषंगाने

१. विषयप्रवेश

इंग्रजी व्यापारी परिभाषेतील जे शब्द मराठीत घरच्यासारखे वावरतात, त्यांत ‘कमिशन’ या शब्दाचे स्थान विशेष आहे. वाणिज्य, अर्थशास्त्र आणि विधी या तिन्ही शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो पदोपदी भेटतो. तो आपल्याला समजला आहे असे सर्वांस वाटते आणि म्हणूनच त्याच्या भाषांतरात चुका होतात. परका शब्द अपरिचित असला तर माणूस कोश उघडतो. ओळखीचा असला तर उघडीत नाही.

या शब्दाची व्याप्ती किती आहे हे पाहण्यासाठी वाशीम जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याचा व्यवहार डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या सोयाबीनचा किंवा तुरीचा हमीभाव ज्या मंडळाच्या शिफारशीवरून जाहीर होतो, त्याच्या इंग्रजी नावात ‘कमिशन’ आहे. त्याचा जिल्हा ज्या अमरावती महसूल विभागात मोडतो, त्या विभागाच्या प्रमुखास इंग्रजीत ‘कमिशनर’ म्हणतात. आणि बाजारात माल विकल्यानंतर अडत्याच्या पट्टीवर वजावटीची जी रक्कम मांडली जाते, तिलाही ‘कमिशन’ हेच नाव आहे. पहिल्या दोन ठिकाणी या शब्दाभोवती अधिकाराचे वलय आहे, तिसऱ्या ठिकाणी संशयाचे. एकच शब्द इतक्या भिन्न ठिकाणी कसा पोहोचला, मराठीने त्याचे अर्थ कसे वाटून घेतले आणि त्या वाटणीत व्यवहाराचा एक महत्त्वाचा प्रश्न कसा झाकला गेला, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरणासाठी कारंजाची बाजारपेठ निवडण्यास कारण आहे. कारंजा (लाड) हे गाव जैन ग्रंथभांडारांसाठी आणि श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु भारतातील शेतमालाच्या नियंत्रित बाजारांचा इतिहास ज्या गावापासून सांगितला जातो, तेही हेच. ‘कमिशन’ कोणी, कोणाकडून, किती आणि कशाबद्दल घ्यावे, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आणणाऱ्या आपल्या देशातील अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक येथे झाला.

२. मूळ अर्थ

‘कमिशन’ हा शब्द लॅटिन ‘कोमित्तेरे’ या धातूपासून आला आहे. ‘कोम्’ म्हणजे एकत्र किंवा सह, ‘मित्तेरे’ म्हणजे पाठविणे. दोन्ही मिळून ‘एखाद्याच्या हवाली करणे’, ‘सोपविणे’ असा अर्थ होतो. ‘सोपविणे’ हा अर्थ एकदा हाती आला की या शब्दाच्या सर्व शाखा एका बुंध्यास लागलेल्या दिसू लागतात. जे काम सोपविले ते कमिशन. सोपविल्याचा जो लेख किंवा सनद, ती कमिशन. ज्या मंडळावर काम सोपविले ते मंडळही कमिशन. आणि सोपविलेले काम पार पाडल्याबद्दल जो मोबदला मिळतो, तोही कमिशनच.

याच धातूपासून ‘कमिटी’ हा शब्द निघाला. मराठीत आपण एकास ‘आयोग’ व दुसऱ्यास ‘समिती’ म्हणतो, त्यामुळे ही दोन भावंडे आहेत हे आपल्या ध्यानात येत नाही. बाजार समिती ही ‘कमिटी’ आणि ती जिचे नियमन करते ती अडत म्हणजे ‘कमिशन’, अशी ही एकाच घरातील मंडळी आहेत.

इंग्रजीतील आणखी एक प्रयोग विद्यार्थ्यांस नेहमी चकवितो. फौजदारी कायद्यात ‘कमिशन ऑफ अ‍ॅन ऑफेन्स’ म्हणजे अपराध करणे. येथे मोबदला नाही, मंडळही नाही. येथे केवळ ‘कृती’ असा अर्थ आहे. त्याच्या विरुद्ध ‘ओमिशन’, म्हणजे कर्तव्य असूनही न करणे. या प्रयोगास मराठीत ‘कमिशन’ कधीच चालत नाही. तेथे ‘कृती’ आणि ‘अकृती’ किंवा ‘करणे’ आणि ‘वर्जणे’ असेच म्हणावे लागते.

३. अन्य भाषांचा दाखला

एका इंग्रजी शब्दाच्या जागी दोन-तीन शब्द योजावे लागणे ही केवळ मराठीची अडचण नव्हे. चिनी भाषेत मोबदल्याच्या अर्थी ‘योंगजिन’ असा शब्द आहे. त्यातील पहिल्या अक्षराचा संबंध चाकरीशी व रोजंदारीशी असून दुसऱ्याचा अर्थ धन असा आहे. मंडळाच्या अर्थी मात्र ‘वेइयुआनहुइ’ असा सर्वस्वी निराळा शब्द आहे. गंमत अशी की त्यातील ‘वेइ’ या अक्षराचा अर्थच मुळी ‘सोपविणे’ असा आहे. म्हणजे लॅटिन धातूचा गाभा चिनी भाषेने मंडळाच्या नावात जपला आणि मोबदल्याच्या नावातून वगळला. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यास त्यामुळे दलालाची टक्केवारी आणि सरकारी मंडळ यांना एकच शब्द कसा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. आपल्याला तो पडत नाही, कारण आपण दोन्ही अर्थी इंग्रजी शब्दच उचलला; प्रश्न सुटला असे मात्र नाही.

मराठीने मंडळाच्या अर्थी पुढे जो ‘आयोग’ शब्द स्वीकारला, त्याच्या मुळाशी ‘युज्’ म्हणजे जोडणे, कामास लावणे हा धातू आहे. ‘आयुक्त’, ‘नियुक्त’, ‘नियोग’ हे त्याच कुळातील शब्द. हे शब्द कोशातून आजच शोधून काढलेले नाहीत. गुप्तकालीन लेखांत ‘आयुक्तक’ नावाचा अधिकारी येतो, आणि वाकाटकांच्या ताम्रपटांतून राजाने नियुक्त केलेल्या अधिकाऱ्यांस उद्देशून आज्ञा दिलेल्या आढळतात. वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्म येथे, म्हणजे आजच्या वाशीम येथे, राज्य करीत होती. तिच्यातील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशीमच्याच नावाने ओळखला जातो. वाकाटकांच्या लेखांचे संपादन करून डॉ. वा. वि. मिराशी यांनी १९६३ साली ते एकत्र प्रसिद्ध केले. तात्पर्य, राजसत्तेने काम सोपविलेला पुरुष या अर्थी ‘युज्’ धातूचे शब्द या भूमीस दीड हजार वर्षांपासून परिचित आहेत.

४. मराठीतील अर्थविभागणी

इंग्रजी शब्द येण्यापूर्वी मराठीत या अर्थांसाठी शब्द नव्हते असे नाही. उलट एकेका अर्थास एकेक शब्द होता. ज्याच्यावर धन्याने व्यवहार सोपविला तो ‘गुमास्ता’. हा फारसी शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘नेमलेला’ असाच आहे. सोपविल्याचा लेख म्हणजे ‘मुखत्यारपत्र’. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा तो ‘वकील’, दुसऱ्याच्या हुद्द्याचे काम पाहणारा तो ‘मुतालिक’. सौदा जमविणारा ‘दलाल’ आणि त्याचा मोबदला ‘दलाली’. मूळ अरबी शब्दाचा अर्थ वाट दाखविणारा, माल दाखविणारा असा आहे. माल आपल्या दुकानी उतरवून घेऊन दुसऱ्याकरिता विकणारा ‘अडत्या’ आणि त्याचा मोबदला ‘अडत’.

इंग्रजी अमदानीत ‘कमिशन’ हा एकच शब्द या सर्वांच्या डोक्यावर येऊन बसला. स्वातंत्र्यानंतर राज्यकारभाराच्या परिभाषेत त्याची पुन्हा विभागणी झाली. ‘लोकसेवा आयोग’, ‘निवडणूक आयोग’, ‘वित्त आयोग’ ही नावे रूढ झाली. ‘कमिशनर’चा ‘आयुक्त’ झाला. ही विभागणी राज्यकारभारात यशस्वी झाली, बाजारात झाली नाही. बाजारात ‘अडत’ आणि ‘दलाली’ हे जुने शब्द टिकले खरे, परंतु त्यांच्या शेजारीच ‘कमिशन’ही बसून राहिले, आणि त्याच्या अर्थाच्या कडा पुसट होत गेल्या.

आजच्या मराठीत ‘कमिशन’ हा शब्द किमान पाच अर्थांनी वापरला जातो.

पहिला अर्थ, चौकशी किंवा शिफारस करण्यासाठी नेमलेले मंडळ. जुन्या वृत्तपत्रांतून ‘सायमन कमिशन’ असाच उल्लेख असे. नव्या लेखनात येथे ‘आयोग’च योग्य, मात्र ऐतिहासिक नाव रूढ असेल तेथे ते तसेच ठेवणे इष्ट.

दुसरा अर्थ, न्यायालयाने साक्ष नोंदविण्यासाठी किंवा स्थळपाहणीसाठी दिलेला अधिकार. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील सव्विसावा आदेश या विषयाचा आहे. वकीलवर्गात यास ‘कमिशन काढणे’ असे म्हणतात. या अर्थी ‘आयोग’ हा शब्द चुकीचा नसला तरी बोजड वाटतो.

तिसरा अर्थ, सैन्यातील अधिकारपद देणारी सनद. ‘त्याला कमिशन मिळाले’ या वाक्याचा अर्थ वक्त्याचा मुलगा सैन्यात गेला आहे की विमाकंपनीत, यावर अवलंबून राहतो.

चौथा अर्थ, व्यवहार घडवून आणल्याबद्दल किंवा माल विकून दिल्याबद्दलचा मोबदला. हाच प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय.

पाचवा अर्थ, किमतीतील सूट. पुस्तकांच्या व्यापारात प्रकाशक विक्रेत्यास जी सूट देतो तीस ‘कमिशन’ म्हणतात आणि विक्रेता ग्राहकास जी सूट देतो तीसही तेच नाव देतात. इंग्रजीत दुसऱ्या ठिकाणी ‘डिस्काउंट’ म्हणतात, कारण ग्राहकाने कोणाचे काम केलेले नसते. मराठी विद्यार्थी इंग्रजीत लिहिताना येथे हमखास चुकतो.

यांखेरीज लाचेच्या अर्थी ‘कमिशन खाणे’ हा प्रयोग आहेच. त्यास निराळा अर्थ मानण्याऐवजी चौथ्या अर्थाची विकृती मानणे अधिक सयुक्तिक होईल. कारण तेथेही सोपविलेल्या कामाचा मोबदला आहेच. फक्त ज्याने काम सोपविले त्याच्या नकळत, भलत्याच माणसाकडून तो घेतलेला आहे.

५. दलाली, अडत आणि कमिशन यांतील भेद

चौथ्या अर्थाच्या पोटात जे सूक्ष्म भेद आहेत ते व्यापारी कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. दलाल दोन पक्षांची गाठ घालून देतो. माल त्याच्या ताब्यात येत नाही, किंमत त्याच्या हातून जात नाही. सौदा जमला की त्याचे काम संपले. अडत्याचे तसे नाही. माल त्याच्या ताब्यात येतो, तो विकतो, किंमत वसूल करतो आणि आपला मोबदला वजा करून उरलेली रक्कम मालधन्यास देतो. म्हणून दलालावर जेवढा विश्वास टाकावा लागतो त्याहून कितीतरी अधिक अडत्यावर टाकावा लागतो. इंग्रजीत पहिल्याच्या मोबदल्यास ‘ब्रोकरेज’ म्हणण्याचा प्रघात आहे आणि दुसऱ्याच्या मोबदल्यास ‘कमिशन’. भाषांतरात ‘दलाली’ आणि ‘अडत’ ही जोडी वापरली की हा भेद बिनचूक राखता येतो. दोहोंसाठी ‘कमिशन’ लिहिले की तो नाहीसा होतो.

अडत्यांतही ‘कच्चा’ आणि ‘पक्का’ असे दोन प्रकार व्यापाऱ्यांनी मानले आहेत. कच्चा अडत्या मालधन्याचा प्रतिनिधी या नात्यानेच व्यवहार करतो. पक्का अडत्या दूरच्या गिऱ्हाइकास सौद्याच्या पूर्ततेची स्वतः हमी देतो. त्या गिऱ्हाइकाचा समोरच्या पक्षाशी प्रत्यक्ष करारसंबंध येत नाही, आणि सौद्यातील दुसरा पक्ष स्वतः अडत्याही असू शकतो. मुंबईच्या या रूढीस भगवानदास नरोत्तमदास विरुद्ध कानजी देवजी या १९०५ च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने मान्यता दिली. युरोपातील व्यापारात हमीबद्दल जादा मोबदला घेणारा ‘डेल क्रेडेरे’ अडत्या असतो. त्याच्याशी पक्क्या अडत्याचे काही अंशी साम्य आहे, परंतु स्वतःच खरेदीदार होण्याची त्याची मुभा त्याला निराळा ठरविते.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याने प्रतिनिधी आणि मालधनी यांचे नाते स्पष्ट केले आहे. मालधन्याच्या सूचनेनुसार, आणि सूचना नसेल तर त्या ठिकाणच्या त्या व्यापारातील रिवाजानुसार, प्रतिनिधीने वागावे (कलम २११). मागितल्यास हिशेब द्यावा (कलम २१३). मालधन्यास सर्व महत्त्वाच्या गोष्टी सांगून त्याची संमती घेतल्याविना स्वतःच्या लाभासाठी व्यवहार केल्यास मालधनी तो व्यवहार नाकारू शकतो किंवा त्यातील नफा मागू शकतो (कलमे २१५ व २१६). वेगळा करार नसेल तर काम पुरे झाल्यावाचून मोबदला देय होत नाही (कलम २१९). आणि कामात गैरवर्तन केल्यास त्या कामाच्या मोबदल्यावर हक्क राहत नाही (कलम २२०). या पाच-सहा कलमांचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे की, कमिशन हे विश्वासाचे मूल्य आहे आणि विश्वास मोडला की ते मागता येत नाही.

६. कारंजाचा बाजार

ही तत्त्वे कायद्याच्या पुस्तकात असली तरी वऱ्हाडच्या कापूसबाजारात शेतकऱ्याच्या वाट्यास येणारा अनुभव निराळा होता. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यानंतर, विशेषतः लोहमार्ग झाल्यावर, तेथील कापसास मुंबईमार्गे परदेशी मागणी आली. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी भावाने आणि नियमाने मिळावा, ही राज्यकर्त्यांची निकड होती. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला. देशातील अशा बाजारांत तो पहिला गणला जातो. त्यापुढे १८९७ साली वऱ्हाडसाठी ‘कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ’ हा स्वतंत्र कायदा आला. एखादे ठिकाण बाजार म्हणून जाहीर करणे, देखरेखीसाठी समिती नेमणे, दलाल व मापारी यांना परवाने देणे, ही त्याची मुख्य अंगे होत. पुढील काळात अन्य प्रांतांनी जे कायदे केले, त्यांस हा कायदा नमुना ठरला.

या कायद्याने साधले काय? कापूसविक्रीत अडतीखेरीज तोलाई, हमाली, कडता, बट्टा, धर्मादाय, गोशाळा अशा नाना नावांनी रक्कम कापण्याची चाल भारतातील बाजारांत सर्वदूर होती. अनेक बाजारांत तर भावही कापडाखाली बोटे धरून ठरत असे, आणि जो विकणारा तोच अंधारात राही. परवाना, उघड दर आणि अधिकृत तोल यांमुळे कोणती वजावट खरी आणि कोणती मनमानीची हे सांगता येऊ लागले. शब्दाच्या दृष्टीने पाहिले तर हा नामकरणाचा संस्कार होता. ज्या वजावटीस नाव आहे, दर आहे आणि घेणारा ठरलेला आहे तीच कायदेशीर, बाकीच्या बेकायदेशीर.

परंतु या व्यवस्थेत एक मोठी उणीव राहिली. समितीवर नगरपालिकेचे आणि व्यापाऱ्यांचे लोक असत. कापूस पिकविणाऱ्यास प्रतिनिधित्व देण्याचे बंधन त्या कायद्यात नव्हते. १९२६ साली नेमलेल्या आणि लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली काम केलेल्या शाही कृषी आयोगाने आपल्या १९२८ च्या अहवालात वऱ्हाडच्या बाजारव्यवस्थेचा विचार केला आणि नियंत्रित बाजारांचा प्रसार व्हावा अशी शिफारस केली. ‘कमिशनने कमिशनचा विचार केला’ असे वाक्य एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले तर ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष, पण वाचकास निरुपयोगी ठरेल. ‘आयोगाने अडतीचा विचार केला’ असे लिहिताच ते उलगडते. मुंबई प्रांताने १९२७ मध्ये कापूसबाजाराचा आणि १९३९ मध्ये शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला. मध्यप्रांताने १९३२ व १९३५ मध्ये असेच कायदे केले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा सर्व विभागांसाठी एक झाला, आणि बाजार समितीत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना स्थान मिळाले.

कापसापुरती एक घडामोड येथे नोंदविली पाहिजे. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली व १९७२ पासून ती अमलात आली. मधल्या माणसास वगळणे हा तिचा एक उद्देश होता. तथापि राज्य सहकारी पणन संघास शासनाचा मुख्य अभिकर्ता नेमूनच ती चालवावी लागली. म्हणजे अडत्या गेला, पण ‘सोपविणे’ गेले नाही. ज्याचे काम त्याने स्वतः केले नाही तर कोणावर तरी सोपवावेच लागते. प्रश्न एवढाच की ते कोण सोपवितो आणि हिशेब कोणास दिला जातो.

७. पट्टीवरील शब्द आणि त्यामागील प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे वळू. समजा, एका शेतकऱ्याने दहा क्विंटल माल विकला, भाव क्विंटलला ४,००० रुपये मिळाला आणि अडत शेकडा ३ आहे. विक्रीची रक्कम ४०,००० रुपये, अडत १,२०० रुपये. पट्टीवर ही रक्कम विक्रेत्याच्या नावे वजा झाली तर अर्थ असा की अडत्या शेतकऱ्याचा प्रतिनिधी आहे. मग वरील सर्व कलमे त्यास लागू होतात: त्याने जास्तीत जास्त भाव मिळवून देण्याचा प्रयत्न केला पाहिजे, खरेदीदाराशी असलेला आपला संबंध लपविता कामा नये आणि मागताच हिशेब दाखविला पाहिजे.

परंतु हाच अडत्या पेरणीच्या वेळी शेतकऱ्यास उचल देणारा सावकार असेल, आणि कधी आपल्याच दुसऱ्या पेढीच्या नावाने माल घेणारा खरेदीदारही असेल, तर तो नेमका कोणाचा प्रतिनिधी? उचल घेतलेला शेतकरी माल दुसऱ्या दुकानी नेऊ शकत नाही. ज्याने काम सोपविले असे आपण म्हणतो, त्यास न सोपविण्याची मोकळीकच नसेल, तर त्या रकमेस ‘कमिशन’ म्हणणे शब्दाच्या मूळ अर्थास धरून होत नाही. ती कर्जाच्या व्याजाचीच एक बाजू होते.

जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने वटहुकूम काढून फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला, आणि या मालावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे धोरण स्वीकारले. अडत्यांनी व व्यापाऱ्यांनी त्या वेळी बंद पुकारला. या निर्णयाकडे अर्थशास्त्राच्या व भाषेच्या अशा दोन्ही दृष्टींनी पाहता येते. अर्थशास्त्र सांगते की रक्कम भरणारा आणि तिचा भार सोसणारा हे एकच असतात असे नाही. वरील उदाहरणात खरेदीदाराला शेकडा ३ वरून द्यावे लागणार असतील तर तो बोलीच तेवढी खाली आणण्याचा प्रयत्न करील. तो कितपत सफळ होईल हे बाजारात खरेदीदार किती आहेत आणि शेतकऱ्याला माल थांबविता येतो की नाही यावर ठरेल. तरीही वजावट पट्टीवरून निघून बोलीत गेल्याने एक फरक पडतो. शेतकऱ्याने जो भाव ऐकला तो त्याच्या हाती पडणाऱ्या रकमेच्या अधिक जवळ येतो.

भाषेच्या दृष्टीने प्रश्न याहून अवघड आहे. मोबदला खरेदीदार देऊ लागला म्हणून अडत्या खरेदीदाराचा प्रतिनिधी झाला काय? पैसे कोण देतो यावर प्रतिनिधित्व ठरत नाही. काम कोणी सोपविले यावर ठरते. माल शेतकऱ्याने अडत्याच्या हवाली केला असेल तर अडत कोणीही देवो, अडत्याची निष्ठा शेतकऱ्याकडेच असली पाहिजे. ज्या व्यवस्थेत पैसा एकाकडून येतो आणि निष्ठा दुसऱ्याची मागितली जाते, त्या व्यवस्थेत देखरेखीची गरज वाढते, कमी होत नाही. ‘कमिशन’ म्हणजे नुसती टक्केवारी अशी समजूत ज्यांनी करून घेतली त्यांना हा प्रश्न दिसतच नाही. ‘सोपविणे’ हा अर्थ स्मरणात असला की तो आपोआप पुढे येतो.

८. प्रयोगविषयक काही सूचना

मराठीत ‘कमिशन’ नपुंसकलिंगी आहे आणि त्याचा अर्थ बहुधा क्रियापदावरून कळतो. ‘नेमणे’ किंवा ‘बसविणे’ आले की मंडळ. ‘काढणे’ आले की न्यायालयीन अधिकार. ‘घेणे’, ‘कापणे’, ‘आकारणे’ आले की मोबदला. ‘खाणे’ आले की लाच. ‘मिळणे’ हे क्रियापद मात्र संदिग्ध असल्यामुळे तेथे वाक्यात खुलासा करावा.

इंग्रजीत ‘ऑन कमिशन’ म्हणजे पगाराऐवजी विक्रीच्या प्रमाणात मोबदला घेऊन. याचे भाषांतर ‘कमिशनवर’ असे रूढ झाले असून ते स्वीकारण्यास हरकत नाही. ‘आउट ऑफ कमिशन’ याचा मोबदल्याशी किंवा मंडळाशी काहीही संबंध नाही. जहाज सेवेतून काढल्याच्या अर्थावरून तो ‘निकामी’, ‘बंद पडलेला’ या अर्थी वापरतात. एखाद्या चित्रकारास ‘कमिशन दिले’ असे इंग्रजीत म्हटले असेल तर त्याला टक्केवारी दिली असे समजू नये. त्याच्यावर चित्र काढण्याचे काम सोपविले, एवढाच त्याचा अर्थ.

शास्त्रीय लेखनात मंडळास ‘आयोग’, गाठ घालून देण्याच्या मोबदल्यास ‘दलाली’, माल ताब्यात घेऊन विकण्याच्या मोबदल्यास ‘अडत’, किमतीतील कपातीस ‘सूट’ असे शब्द नेमून वापरावेत. विमा, बँका व प्रवासी तिकिटे यांच्या व्यवहारात ‘कमिशन’ हाच शब्द रूढ आहे आणि तो बदलण्याचे कारण नाही. प्रादेशिक बाजाराचे वर्णन करताना मात्र तेथील शब्दच घ्यावा. कारंजाच्या बाजाराविषयी लिहिताना ‘कमिशन एजंट’ लिहून ‘अडत्या’ गाळणे म्हणजे अचूक शब्द टाकून संदिग्ध शब्द घेणे होय.

९. उपसंहार

शिवकालात राज्यव्यवहारकोश रचला गेला तो दरबारी भाषेतील फारसी शब्दांस संस्कृत पर्याय देण्यासाठी. ‘कमिशन’च्या बाबतीत तशा नव्या निर्मितीची गरज नाही. राज्यकारभारासाठी ‘आयोग’ आहे, बाजारासाठी ‘अडत’ आणि ‘दलाली’ हे शब्द कधी नाहीसे झालेच नाहीत. जे हवे आहे ते शब्दांची योग्य वाटणी आणि मूळ अर्थाचे भान.

हे भान केवळ भाषाभ्यासकाच्या उपयोगाचे नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात आज कापसापेक्षा सोयाबीनचा व्यापार मोठा आहे. माल बदलला, कायदे बदलले, दगडी मापांच्या जागी विद्युत्काटे आले. परंतु बाजाराच्या आवारात शेतकऱ्याने आपली पोती दुसऱ्याच्या हवाली करावी आणि त्याने ती विकून हिशेब द्यावा, ही घटना १८८६ मध्ये होती तशीच आहे. त्या पट्टीवर जो शब्द छापलेला असतो त्याचा अर्थ ‘सोपविलेल्या कामाचा मोबदला’ असा आहे, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने एकदा जाणले म्हणजे पट्टी हाती घेताच त्याने विचारावयाचे तीन प्रश्न ठरून जातात: काम कोणी सोपविले, ते पुरे झाले काय, आणि हिशेब कोणास दिला?